शिवण कुठे घालणार, ते आधी विचारा: पायलोनायडल सायनसच्या दोन ऑपरेशनांचा माझा अनुभव

माकडहाडाच्या जरा वर, दोन कुल्ल्यांच्या फटीत दुखतंय, गाडीवर बसलं की ठणकतंय, चड्डीला पू-रक्ताचा डाग पडतोय आणि घरात सांगायचं कसं म्हणून तुम्ही गप्प आहात, असं असेल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. मी वर्षभर गप्प होतो. डाग पडलेली चड्डी आईच्या हातात जाऊ नये म्हणून पहाटे विहिरीवर स्वतः धुवायचो. या दुखण्याला पायलोनायडल सायनस म्हणतात: कातडीखाली केस आणि पू साठलेली नळी. त्या वर्षभरात ती वाढत गेली आणि जे काम सोपं होतं ते अवघड होऊन बसलं.

माझी दोन ऑपरेशनं झाली. पहिलं फसलं, दुसरं यशस्वी झालं. दोन्ही हॉस्पिटलांची नावं मी लिहिणार नाही. पहिल्याबद्दल माझ्या तक्रारी आहेत आणि दुसऱ्यातही सगळंच चांगलं नव्हतं. तसंही फरक पडला तो ऑपरेशनच्या पद्धतीनं आणि नंतरच्या काळजीनं. त्यामुळे मी त्याच दोन गोष्टींबद्दल लिहितोय.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला, किणये बाजूचा. वय आता एकोणतीस. बोलेरो पिकअप चालवतो. भाजी, सीझनला आमच्या भागातली रताळी, असा माल भरून रात्री निघायचं, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत म्हापशाला पोचायचं. त्या रस्त्याची अवस्था इकडच्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यानंतर तर सीटवर बसणं म्हणजे खलबत्त्यात बसणं.

२०२१ च्या गणपतीत पहिल्यांदा गळू आलं. तीन दिवस ताप. तालुक्याच्या एका डॉक्टरनं चीर देऊन पू काढला, आठ दिवस गोळ्या दिल्या, मी बरा झालो. म्हणजे मला तसं वाटलं. पू काढणं हा तातडीचा इलाज असतो, त्यानं ठणका जातो, पण मुळातलं भोक तिथंच राहतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. महिन्याभरात तिथून पाणी झिरपायला लागलं. मग एका 'मूळव्याध-भगंदर' बोर्डाच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी अंडरपँट खाली करायलाही न सांगता भगंदर म्हणून निदान केलं आणि चार महिने चूर्ण दिलं. भगंदराची नळी गुदद्वाराशी जोडलेली असते आणि माझं भोक तिथून चांगलं चार बोटं वर होतं. तपासलं असतं तर पहिल्या मिनिटात कळलं असतं. त्या चार महिन्यांचा मला आजही राग येतो.

आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाही, हे इथंच सांगतो. माझ्या आतेभावाचं खरोखरचं भगंदर क्षारसूत्रानं बरं झालं. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं चढवलेला दोरा नळीतून घालतात, दर आठवड्याला बदलतात आणि तो हळूहळू नळी कापत आणि भरत जातो. सुश्रुतानं तर नाडीव्रणाचा, म्हणजे नळीसारख्या जखमेचा, एक प्रकार शल्यज म्हणून सांगितलाय, आत काहीतरी रुतून बसल्यामुळे होणारा. पण त्यासाठी शिकलेला वैद्य लागतो आणि आधी तपासणी लागते. न बघता दिलेलं चूर्ण हा इलाज नव्हे.

पहिलं ऑपरेशन डिसेंबर २०२२ मध्ये झालं. हॉस्पिटल मोठं, काचेचे दरवाजे, टोकन नंबर. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, पायलोनायडल सायनस आहे, काढून टाकू, टाके घालू, दुसऱ्या दिवशी घरी. मी विचारलं, पुन्हा होणार नाही ना? ते म्हणाले, नाही. एवढंच बोलणं झालं. भोक आणि आजूबाजूचं मांस काढलं आणि दोन्ही कडा ओढून बरोबर फटीच्या मधोमध टाके घातले. केस काढत राहायचे, किती दिवस बसायचं नाही, संडासला कसं बसायचं, यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं आणि 'फॉलोअप ७ दिवस'.

नवव्या दिवशी टाके उसवले. आंघोळ करताना पाठीवरून काहीतरी कोमट वाहिल्यासारखं वाटलं, हात लावला तर जखम उघडी. परत गेलो तर म्हणाले, होतं असं, आता आतून भरत येऊ दे, रोज ड्रेसिंग करा.

तेव्हा आईला सांगावंच लागलं. माझी आई गावात ब्लाउज शिवते, तीस वर्षं झाली. पहिल्या दिवशी तिनं मला पालथं झोपवलं, दादाला मोबाईलचा टॉर्च धरायला सांगितलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रडते. ती टाक्यांच्या खुणा बघत होती. मग म्हणाली, "मधोमध शिवण घातलीय बघ. बसलं-उठलं की सगळा ताण तिथंच येणार. उसवणारच की." अंगावर तंग बसणाऱ्या कपड्याची शिवण ताणाच्या जागी घालत नाहीत, बाजूला घेतात नाहीतर कळी, म्हणजे जादा कापडाचा तुकडा, लावतात, हे ती कुठल्याही नव्या शिकणाऱ्या पोरीला पहिल्या आठवड्यात शिकवते.

ती जखम भरायला तीन महिने गेले. रोज संध्याकाळी सलाईनच्या पाण्यानं धुवायचं, बीटाडीन, आत गॉजची पट्टी, वर पॅड. आई चिमट्यानं जखमेच्या काठावरचे केस एकेक उचलायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिला ते तिथं बघवायचे नाहीत म्हणून. जखम भरली ती बहुतेक त्यामुळेच, असं दुसऱ्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण जखम भरल्यावर आम्ही केस काढणं थांबवलं. ऑक्टोबर २०२३, नवरात्र, रताळ्यांना मागणी जोरात, रोजच्या रोज खेपा, आणि अष्टमीच्या रात्री कणकुंबीच्या चढावर तोच ठणका परत आला. गाडी बाजूला लावून मी बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो होतो. पैसे गेले, तीन महिन्यांची कमाई गेली, आणि आता पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या डॉक्टरांचं नाव मला मार्केटमधल्या एका हमालानं सांगितलं, त्याच्या भाच्याचं तिथं झालं होतं. बेळगाव शहरातलंच छोटं हॉस्पिटल, वीसेक खाटा. पहिल्या भेटीला तीन तास बसवून ठेवलं, म्हणजे उभं ठेवलं, कारण मला बसता येत नव्हतं. ही माझी पहिली तक्रार आणि ती मी त्यांनाही सांगितली: या रोगाच्या माणसाला वेटिंग रूममधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तीन तास बसवू नये.

पण आत गेल्यावर त्यांनी पाऊण तास दिला. आधी नीट तपासलं, गुदद्वारातून बोट घालूनही तपासलं, म्हणजे भगंदर नाही याची खात्री. मग कागद घेतला आणि मला आणि आईला समोर घेऊन (मी उभा) समजावत गेले.

रोगाच्या नावाचा अर्थच मुळी केसांचं घरटं. लॅटिनमध्ये केस आणि घरटं हे दोन शब्द जोडून १८८० मध्ये बॉस्टनच्या हॉजेस नावाच्या डॉक्टरनं ते नाव दिलं. पूर्वी समजूत होती की हा जन्मजात दोष असतो. आता बहुतेक सर्जन मानतात की गळलेले केस फटीत साठतात, बसून-हलून कुल्ले एकमेकांवर घासले की ते कातडीत घुसतात आणि आत गेलेला केस शरीराला परका वाटतो, म्हणून तिथं पू धरतो. केस आत कसा जातो हे त्यांनी सांगितलं तेव्हा आई लगेच म्हणाली, "म्हणजे कुसळासारखं." डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. केसाला बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेला. मुळाकडचं टोक एकदा आत शिरलं की हालचालीबरोबर तो पुढेच सरकतो, मागे येत नाही. धोतराला लागलेलं कुसळ चालता चालता वर चढत जातं तसं. केस कापणाऱ्या न्हाव्यांना हाच रोग हाताच्या बोटांच्या बेचक्यात होतो, तेही गिऱ्हाइकाच्या केसांनी. हे ऐकून मला खरंच धक्का बसला. तोवर मी समजत होतो की माझ्या अस्वच्छतेमुळे झालं, आणि म्हणूनच लाज वाटत होती.

मी गाडीचं विचारलं. ते म्हणाले, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करातले जवळपास ८० हजार सैनिक याच दुखण्यानं हॉस्पिटलात भरती झाले. जीपच्या कडक सीटवर आदळून होतं असं वाटलं म्हणून त्याला 'जीप रोग' नाव पडलं. मराठा लाईट इन्फंट्रीच्या गावात राहून मला हे कुणाकडून कळलं नव्हतं. पण नुसत्या सीटचा दोष नाही. दाट केस, खोल फट, वजन, घाम आणि तासन् तास बसणं, हे सगळं जमून येतं. पुरुषांना बायकांपेक्षा कितीतरी जास्त, आणि बहुतेक करून वयात आल्यापासून तिशीपर्यंत. चाळिशीनंतर नव्यानं होणं विरळच. म्हणजे कॉलेज, भरतीची तयारी आणि नवी नोकरी, नेमकं याच वयात.

मग ऑपरेशन. नुसती भोकं आणि नळी काढून जखम उघडी ठेवली तर आतून भरायला कितीतरी आठवडे, कधी महिने जातात. मधोमध टाके घातले तर लवकर मिटल्यासारखं वाटतं, पण फटीच्या तळाशी घाम, ताण आणि केस हे तिन्ही एकाच रेषेवर येतात, म्हणून तिथं जखम उसवण्याचं आणि रोग परत येण्याचं प्रमाण जास्त. टाके घालायचेच असतील तर ते मधल्या रेषेवरून बाजूला न्यावेत, हे जगभरच्या अभ्यासांची छाननी करून तज्ज्ञांनी सांगितलंय. ग्रीक लष्करातले सर्जन कारिदाकिस यांनी १९७३ मध्ये अशी एक पद्धत मांडली. अमेरिकेतल्या बॅस्कम यांनी फटच उथळ करणारी पद्धत आणली. आणि तिसरी रशियन सर्जन लिंबर्ग यांच्या नावाची, जी माझ्यावर झाली.

डॉक्टरांनी कागदावर शंकरपाळी काढली. खरंच शंकरपाळीच, दोन कोन ६० अंशांचे, दोन १२० चे. रोग असलेला भाग या आकारात थेट माकडहाडावरच्या पडद्यापर्यंत काढायचा. मग शेजारच्या कुल्ल्यावर त्याच मापाचं ठिगळ आखायचं, तीन बाजूंनी सोडवायचं आणि चौथी बाजू जोडलेलीच ठेवायची म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. ते ठिगळ फिरवून खड्ड्यात बसवायचं. त्यामुळे फटीचा तळ सपाट होतो आणि टाके बाजूला जातात. शंकरपाळीचं खालचं टोकही ते मुद्दाम मधल्या रेषेवरून बाजूला घेतात, कारण तेच टोक ओलं राहून उघडतं. आईनं कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "ही कळी झाली. आता ताण नाही येणार." डॉक्टरांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. मला तिथंच निम्मा धीर आला.

लेसरबद्दल मी विचारलं होतं, कारण दुसऱ्या एका ठिकाणी ८५ हजार सांगून 'त्याच दिवशी घरी, पुन्हा होणार नाही, गॅरंटी' असं म्हणाले होते. हे म्हणाले, लेसरची बारीक तार नळीत घालून ती आतून जाळतात, जखम छोटी राहते, माणूस लवकर कामाला लागतो, साध्या सरळ एका नळीसाठी चांगला विचार आहे. दुर्बीण घालून नळी साफ करण्याची पद्धतही आहे, फिनॉल नावाचं रसायन सोडण्याचीही, नुसती छोटी भोकं काढण्याचीही. तुमची नळी मात्र एकदा फसलेली आहे आणि तिला बाजूला दोन फाटे आहेत. आणि गॅरंटी कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही, मीही देत नाही. 'देत नाही' म्हणणारा डॉक्टर मला पटला.

जानेवारी २०२४. आदल्या रात्रीपासून उपाशी. सकाळी वॉर्डबॉयनं मशीननं केस काढले. कण्यात इंजेक्शन, पाय जड आणि गरम. मग ज्या सिस्टर होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे, त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "तम्मा, बोरल मलग्री." म्हणजे धाकट्या भावा, पालथं झोपा. मला कन्नड कामापुरतं येतं, पण त्या 'तम्मा'नं बरं वाटलं. दोन्ही कुल्ले चिकटपट्ट्या लावून बाजूला ओढून धरतात, याची मला कल्पना नव्हती. लाज वाटते, पण दोन मिनिटांत कळतं की तिथल्या कुणालाच त्यात काही वाटत नाही. नळी कुठवर गेलीय ते दिसावं म्हणून निळा रंग आत सोडतात. जेवढं निळं झालं तेवढं सगळं काढायचं. सव्वा तास लागला. दुखलं काहीच नाही, नुसती ओढाताण जाणवत होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी बाटली दाखवली. ती तपासणीला पाठवायची होती. निळसर मांसाचा शंकरपाळीएवढाच तुकडा आणि मध्ये चिरलेल्या जागी केसांचा पुंजका, न्हाणीच्या जाळीत अडकतो तसा, ओला, एकमेकांत गुरफटलेला. त्यातून एक केस बाहेर आलेला होता, बोटभर लांब, सरळ. माझ्या पाठीचे केस आखूड आणि कुरळे आहेत. डॉक्टर म्हणाले, हा डोक्याचा असणार, कटिंग केली की पाठीवरून घसरत खाली येतो. तेव्हापासून मी सलूनमधून थेट घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करतो, मग दुसरं काम.

चार दिवस हॉस्पिटलात होतो. जखमेतलं पाणी ओढून घ्यायला एक नळी आणि दाबून ठेवलेला डबा असतो, त्यात किती जमलं ते अक्का रोज सकाळी वहीत लिहायच्या. चौथ्या दिवशी नळी काढली, तेव्हा तेवढा एक क्षण जोरात कळ आली. टाके चौदाव्या दिवशी. तोवर पालथं किंवा कुशीवर झोपायचं, चालायला हरकत नाही, बसायचं नाही. जेवण उभ्यानं, पाटावर ताट ठेवून तो पाट खिडकीच्या कट्ट्यावर.

संडासचा प्रश्न कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आमच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास. उकिडवं बसलं की ठिगळ सगळ्या बाजूंनी ताणलं जातं. दादानं गावातल्या एका म्हाताऱ्या आजींची कमोडची खुर्ची मागून आणली. रात्री इसबगोल, दिवसा भरपूर पाणी, पालेभाजी. बद्धकोष्ठ होऊ दिलं असतं तर ठिगळाचं काय झालं असतं कुणास ठाऊक. हवा भरायची ती गोल रिंग मेडिकलवाल्यानं गळ्यात मारली होती, डॉक्टरांनी ती वापरू दिली नाही, तिच्यावर बसलं की कुल्ले बाजूला ओढले जातात. साडेतीनशे रुपये वाया. पुढे गाडीसाठी मागच्या बाजूला खाच असलेली फोमची उशी घेतली, ती मात्र घाटात खरंच उपयोगाची आहे. माकडहाड सीटला टेकत नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ठिगळाचं खालचं टोक, ज्याची डॉक्टरांना आधीपासून काळजी होती, तेच टाके काढल्यावर बोटाच्या पेराएवढं उघडलं. तीन आठवडे आईनं पुन्हा ड्रेसिंग केलं आणि ते भरलं. ठिगळाच्या मध्यभागी अजून बधिर आहे, पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा, चिमटा काढला तरी कळत नाही. आणि व्रण दिसतो. कुल्ल्यावर मोठी तिरकी रेघ कायमची राहणार. लग्नाच्या वयातल्या मुलाला किंवा मुलीला हे आधी माहीत असावं, नंतर आरशात बघून कळू नये. मला डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून आधीच दाखवली होती, म्हणून वाईट वाटलं नाही.

हॉस्पिटलचं बिल ५२ हजार आलं, औषधं आणि ड्रेसिंगचं सामान धरून ६१. पहिल्या ऑपरेशनला ३८ गेले होते. दोन्ही मिळून जवळजवळ एक लाख आणि सहा महिने कामाविना. गाडी दादानं चालवली, नाहीतर हप्ते थकले असते. सातव्या आठवड्यात मी पहिल्यांदा जवळची खेप केली आणि तिसऱ्या महिन्यात घाट.

केसांचं काम मात्र ऑपरेशनपेक्षा लांब चालतं. टाके निघाल्यावर आठवड्यातून एकदा ट्रिमरनं. हे स्वतःला दिसत नाही, दुसरं माणूस लागतं. रविवारी सकाळी दादा करतो, पाच मिनिटांचं काम. जखम पक्की झाल्यावर चौथ्या महिन्यापासून स्किनच्या डॉक्टरांकडे लेसरनं केस कमी करून घेतले, सहा वेळा. लेसर इथंही आहे पण हे काम वेगळं, ते केसाच्या मुळावर चालतं. अमेरिकेत ११ ते २१ वर्षांच्या ३०२ मुलामुलींवर अभ्यास झालाय: ज्यांनी नेहमीच्या काळजीबरोबर हे केस काढणारं लेसर घेतलं त्यांच्यात वर्षभरात १०.४ टक्क्यांना रोग परत आला, ज्यांनी घेतलं नाही त्यांच्यात ३३.६ टक्क्यांना. माझं वय त्यात बसत नाही, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं, पण मी घेतलं. दोन वर्षं झाली, काही नाही.

दुसऱ्या हॉस्पिटलला पाचपैकी मी चार देतो. ऑपरेशन आणि अक्का यांना पूर्ण पाच. एक कापला तो वेटिंग रूमसाठी, ड्रेसिंगच्या खोलीला नीट दार नाही, नुसता पडदा आहे यासाठी, आणि कागदांसाठी. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत, सूचनांचा कागद इंग्रजीत. तिथं येणारे निम्मे पेशंट खानापूर आणि पश्चिम भागातले मराठी शाळेत शिकलेले. माझ्या आईनं ज्या डॉक्टरांशी शिवणीबद्दल एवढं बोलणं केलं, त्यांनीच दिलेला सूचनांचा कागद तिला वाचता आला नाही. ड्रेसिंग करायची होती तिनं.

म्हणून शेवटच्या तपासणीला जाताना मी एक पान मराठीत लिहून नेलं. पालथं झोपावं, कमोडवर बसावं, इसबगोल घ्यावं, कटिंगनंतर लगेच आंघोळ करावी, रिंग घेऊ नये, ताप आला किंवा पाण्याचा वास बदलला तर दिवस न मोजता यावं, घरातल्या एका माणसानं रोज जखम बघावी. अक्कांकडे दिलं आणि विसरून गेलो. चार महिन्यांनी गावातल्या एका मुलाला घेऊन तिथं गेलो. बारावीचा पोरगा, बाकावर एका कुल्ल्यावर तिरका बसायचा, त्यावरूनच मला कळलं होतं. ड्रेसिंगच्या खोलीत भिंतीवर माझ्या अक्षरातल्या पानाची झेरॉक्स चिकटवलेली होती आणि शेजारी अक्कांच्या अक्षरात तेच कन्नडमध्ये. मी 'दोन आठवडे बसू नये' लिहिलं होतं. डॉक्टरांनी 'दोन आठवडे' निळ्या पेनानं खोडून वर लिहिलं होतं, 'मी सांगेपर्यंत.'